वैद्याचा वाटा

देवांच्या यज्ञाचं डोकं तुटलं, अशी एक गोष्ट तैत्तिरीय संहितेत आहे. ते जोडणार कोण? देवांकडे वैद्य होते, अश्विनीकुमार. पण या जुळ्या भावांना यज्ञात सोमाचा वाटा नव्हता. ते माणसांत हिंडतात, वैद्यकी करतात, म्हणून अशुद्ध, असं देवांचं म्हणणं. आता अडलेल्या देवांना त्यांचीच गरज पडली. अश्विनीकुमारांनी काम नाकारलं नाही, पण आधी बोलणी करून घेतली. त्यांनी सोनं मागितलं नाही. यज्ञात आमच्या नावाचाही एक पेला काढा, एवढंच मागितलं. देवांनी त्यांना शुद्ध करून घेतलं, पेला काढला आणि डोकं जोडलं गेलं.

गंमत पुढेच आहे. याच ठिकाणी ग्रंथ बजावतो की ब्राह्मणाने वैद्यकी करू नये. म्हणजे वाटा दिला, पण मनातली अढी काही गेली नाही.

ही अढी लालबाग-परळच्या जुन्या इमारतींच्या तळमजल्यावर आजही भेटते. बाहेर लाकडी बाकडं, आत पडद्यामागे तपासायचं टेबल, खिडकीशी कंपाउंडर. पूर्वी इथे मिक्श्चरच्या बाटलीवर कात्रीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवून मिळे, एक खाच म्हणजे एक डोस. आता गोळ्यांची पाकिटं मिळतात. डॉक्टरांनी तीन पिढ्यांचे ताप पाहिलेले असतात; कोणाच्या घरात दम्याची खोड आहे, कोणाचा मुलगा चोरून पितो, हे त्यांना केसपेपर न काढता ठाऊक असतं. त्यांच्याबद्दल विचारलं तर चाळीतलं कोणीही ‘देवमाणूस’ म्हणेल. त्यांनी फी दहा रुपयांनी वाढवली, तर तोच माणूस ‘डॉक्टरपण आता धंद्याला लागले’ म्हणेल.

आजार बरा करण्याचं ज्ञान कोणाच्या मालकीचं? ते कमावणाऱ्याचं, शिकवणाऱ्याचं, की ज्या समाजाच्या दुखण्यांवर ते शिकलं गेलं त्या समाजाचं? आणि ते ताजं ठेवण्याचा, दवाखान्याचा दिवा चालू ठेवण्याचा खर्च कोणी करायचा? प्रश्न हिशेबाचा दिसतो, पण मुळात तो धर्माचा आहे. देणं-घेणं कोणाशी, किती आणि कोणत्या नात्याने, हे ठरवणं धर्मशास्त्राचं जुनंच काम.

आपल्या परंपरेने वैद्याला दोन टोकांवर ठेवलं. मनुस्मृती सांगते, वैद्याच्या घरचं अन्न खाऊ नये, श्राद्धाच्या पंगतीला त्याला बसवू नये. दुसरीकडे वैद्याला साक्षात नारायण म्हणणारं सुभाषित आहे. आणि त्याला यमाचा सख्खा भाऊ ठरवून वर, यम निदान पैसे तरी घेत नाही, असा टोला हाणणारंही आहे. नारायण काय किंवा यमाचा भाऊ काय, दोघांनाही जागेचं भाडं भरावं लागत नाही. वैद्य हा पोट असलेला, शिकलेलं विसरणारा, थकणारा माणूस आहे, हे या दोन्ही टोकांवरून दिसत नाही.

ते दिसलं चरकाला. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, पहिल्याच अध्यायाच्या शेवटी, हा विषय येतो. पहिला भाग बहुतेकांना माहीत असतो: उपचार पैशासाठी किंवा हौसेसाठी करायचा नाही, भूतदयेने करायचा, जो तो बाजारात मांडून विकतो तो सोन्याची रास सोडून धुळीच्या ढिगामागे लागतो. डॉक्टरांच्या सत्कार समारंभात पाहुणे हे हमखास सांगतात. पण तिथेच दुसरी गोष्ट आहे आणि ती कोणी सांगत नाही. ज्याच्यावर उपचार झाले त्याने वैद्याला काही देण्याचं कबूल केलेलं असो वा नसो, तो परतफेड करणार नसेल, तर त्याची सुटका नाही, असं चरक म्हणतो. वैद्याने विकायचं नाही आणि रोग्याने फुकट न्यायचं नाही. दोघेही बांधलेले, फक्त मध्ये भाव नाही.

आता हे व्यवहारात बसवायचं कसं? मुंबईने गेल्या पावणेदोनशे वर्षांत त्याची चार-पाच उत्तरं काढून पाहिली, आणि ती जवळपास सगळी गिरगाव ते परळ या पट्ट्यात सापडतात.

पहिलं उत्तर म्हणजे डॉक्टरानेच दान करायचं. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झालं आणि १८५१ मध्ये त्याची पहिली तुकडी बाहेर पडली. त्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे, गरिबीतून वर आलेले. धाकटे भाऊ नारायण दाजी हेही डॉक्टर. दोघांनी मिळून गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला. भाऊंची खासगी प्रॅक्टिस जोरात होती, श्रीमंत घरांतून बोलावणी येत, आणि तिकडची कमाई इकडे उतरे. पुढे तीच कल्पना परळच्या केईएममध्ये मोठ्या प्रमाणावर दिसली. गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी वैद्यकीय महाविद्यालयासाठी पैसे देताना शिकवणारे भारतीयच असतील अशी अट घातली होती. १९२६ मध्ये महाविद्यालय आणि रुग्णालय उभं राहिलं, जीवराज मेहता पहिले अधिष्ठाता झाले. शहरातले नामांकित डॉक्टर तिथे मानद म्हणून सकाळी फुकट काम करत आणि दुपारनंतर आपापल्या खोल्यांत फी घेऊन रोगी पाहत. स्वतःसाठी नव्हे, सर्वांसाठी, अशा अर्थाचं लॅटिन ब्रीद त्या संस्थेने घेतलं आहे.

या व्यवस्थेचं मोठेपण नाकारायचं कारण नाही. पण तिला एक अट आहे: दान करणाऱ्याकडे आधी श्रीमंत रोगी हवेत. मलबार हिलवर बोलावणी असलेल्या सर्जनला परळला फुकट काम परवडतं. ज्याचे सगळेच रोगी बदली कामगार आहेत त्या गल्लीतल्या डॉक्टरने कोणाच्या पैशातून कोणाला द्यायचं? १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईतला प्लेग पहिल्यांदा ओळखला तो मांडवीतल्या अकासिओ व्हिएगस या डॉक्टरने, वस्तीत रोगी तपासता तपासता. मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तो सापडला नाही. साथीची पहिली चाहूल बहुतेकदा अशाच दवाखान्यात लागते. दानाच्या पाट्यांवर मात्र त्याचं नाव क्वचितच.

दुसरं उत्तर शेटजींच्या दानाचं. परळ हे त्याचं पंढरपूरच. केईएमच्या आसपास नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह (१९२६), बाई जेरबाई वाडिया मुलांचं रुग्णालय (१९२९) आणि टाटा मेमोरियल (१९४१) उभी राहिली. गिरगावात हरकिसनदास रुग्णालय आलं. दानाला पात्र पाहावं, काळ-वेळ पाहावी, परतफेडीची अपेक्षा ठेवू नये, असं गीता सांगते. पण दात्याची पिढी बदलते, करार जुने होतात, आणि परतफेड नको म्हणणारं दान शेवटी अनुदानाच्या फायलीत जाऊन बसतं. २०२० च्या जानेवारीत वाडिया रुग्णालयाचे पैसे संपले. विश्वस्त, महापालिका आणि सरकार एकमेकांकडे बोट दाखवत होते. नवे रोगी घेणं थांबलं. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याची उंची वाढवायला पैसे आहेत, पण ज्यांच्यासाठी ते आयुष्यभर झगडले ती माणसं मेली तरी चालतील का, अशा आशयाचं मुंबई उच्च न्यायालयाने तेव्हा सुनावलं.

न्यायालयाला दानाची सक्तीही करावी लागली, हा त्यातला आणखी एक चमत्कार. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या ४१ एए कलमाखाली २००६ मध्ये योजना ठरली: धर्मादाय म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत टाकायची. चांगलंच झालं. पण आधी आपण गरीब असल्याचा दाखला दाखवावा लागतो. दानात देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली राहतो, तो असा. विनोबांनी भूदानाच्या वेळी दान म्हणजे उपकार नव्हे, वाटणी, असं वारंवार सांगितलं, ते याच कारणाने.

कायद्यातला एक पेच इथेच पाहून घेण्यासारखा आहे. १९९५ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना ग्राहक कायद्याखाली आणलं. मात्र जिथे सगळ्यांनाच सगळे उपचार मोफत, ती जागा त्यातून बाहेर. म्हणजे पैसे दिलेल्याला तक्रारीचा हक्क, आणि फुकट बरा झालेल्याला फक्त आभार मानण्याचा.

तिसरं उत्तर गिरणगावात होतं. त्याची आठवण कमी निघते, म्हणून त्यावर जरा थांबायला हवं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून दोन दशकांहून अधिक काळ परळच्या बीआयटी चाळीत राहिले. १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्या खात्याच्या काळात प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा आराखडा देण्यात आला. १९४४ च्या ऑगस्टमध्ये अहवाल आला. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि १९५४ च्या ऑक्टोबरात ही योजना मुंबईत सुरू झाली. मुंबईत सरकारी दवाखान्यांऐवजी पॅनेल पद्धत धरली गेली. म्हणजे गल्लीतलाच खासगी डॉक्टर योजनेच्या यादीवर यायचा. कामगार यादीतून आपला डॉक्टर निवडायचा, कार्ड त्याच्याकडे नोंदवायचा. डॉक्टरला दर नावामागे वर्षाची ठरावीक रक्कम मिळायची, मग तो माणूस वर्षात दहा वेळा येवो की एकदाही न येवो. मोठं दुखणं असेल तर परळचं महात्मा गांधी स्मारक रुग्णालय होतंच.

या व्यवस्थेतला विचार नीट पाहा. पैसे आजारी पडल्यावर द्यायचे नाहीत, पगारातून आधीच कापले जायचे. त्यात मालकाचा वाटा मोठा, कामगाराचा लहान. आज तो प्रमाणाने सव्वातीन आणि पाऊण टक्का आहे. डॉक्टरच्या खोलीत शिरताना खिशाला हात लावायचा नाही आणि हातही जोडायचे नाहीत. विंडरने किंवा स्पिनिंग खात्यातल्या पोराने डॉक्टरला ‘मेहेरबानी करा’ म्हणायचं कारण नव्हतं. तो वर्गणीदार होता. आणि डॉक्टरलाही प्रत्येक खोकल्याला किंमत लावावी लागत नव्हती. वैद्याने विकू नये आणि रोग्याने फुकट नेऊ नये, ही चरकाची दुहेरी अट एवढ्या जवळून पाळणारी दुसरी रचना या शहरात झालेली नाही. अश्विनीकुमारांनी मागितलं ते हेच: बिदागी नको, यज्ञात वाटा द्या.

दोष नव्हते असं नाही. ठरावीक रक्कम मिळणार असेल, तर रोगी लवकर उरकून पुढे धाडण्याचा मोह होतो. कार्डं गोळा करणं हाच धंदा होऊ शकतो. पॅनेलची औषधं आणि खासगीची औषधं वेगळी, हा संशय गिरणगावाने कायम बाळगला. दर ठरवणं डॉक्टरच्या हातात नाही, सरकारच्या हातात. आणि सगळ्यात मोठी मेख म्हणजे हक्क वर्गणीवर टांगलेला, वर्गणी पगारावर, पगार गिरणीवर. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. पगार थांबले, वर्गणी थांबली, काही महिन्यांनी कार्डावरचा हक्क संपण्याची वेळ आली. संपाचा नेता होता डॉक्टरच. दत्ता सामंत केईएमच्या महाविद्यालयातून शिकून घाटकोपरला खाणकामगारांच्या वस्तीत प्रॅक्टिस करायचे. रोग्यांची दुखणी ऐकता ऐकता युनियनमध्ये ओढले गेले. कार्ड मेलेल्या कामगाराचं पोर तापाने फणफणलेलं दारात आलं, तर पॅनेलच्या डॉक्टरने काय करायचं? योजनेच्या नियमात याला उत्तर नाही. तिथे पुन्हा भूतदयेपाशी, म्हणजे चरकाच्या पहिल्या वाक्यापाशीच यावं लागतं.

ब्रिटनने हाच रस्ता जास्त लांबपर्यंत नेला. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा आली तरी तिथला फॅमिली डॉक्टर सरकारी नोकर झाला नाही. दर नावामागे पैसे घेणारा स्वतंत्र कंत्राटदारच राहिला. १९६५ मध्ये हे डॉक्टर इतके वैतागले की हजारोंनी राजीनामे लिहून संघटनेकडे ठेवले. मग १९६६ च्या करारात सरकारने दवाखान्याच्या जागेचं भाडं आणि नर्स, स्वागतिका यांच्या पगाराचा ७० टक्के भार उचलायचं मान्य केलं. डॉक्टर चांगला हवा तर आधी त्याचा दवाखाना चांगला हवा, हे त्या सरकारला राजीनाम्यांच्या धाकाने का होईना, पटलं.

आपल्याकडे दवाखान्याचं भाडं कोणी दिलं? गिरगाव-दादरच्या डॉक्टरांना खरी मदत केली ती १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने. भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. पागडीच्या खोलीत वडिलांनी थाटलेला दवाखाना मुलाने चालवला आणि महिन्याचं भाडं चहापाण्याच्या खर्चाएवढं राहिलं. घरमालकाच्या खिशातून, त्याला न विचारता, फॅमिली डॉक्टरला अर्धशतकभर अनुदान मिळालं. याला आरोग्यधोरण कोणी म्हटलं नाही, पण काम त्याने तेच केलं. आता जुन्या इमारती पडून टॉवर उठताहेत. भाडेकरू डॉक्टरला नवी जागा मिळते, पण देखभालीचं मासिक बिल टॉवरच्या हिशेबाने येतं. नव्याने सुरुवात करणाऱ्या पोराला तर बाजारभावाने गाळा घ्यावा लागतो. त्यावर जैववैद्यकीय कचऱ्याची फी, कंपाउंडरचा पगार, ईसीजीचं यंत्र. तपासणी फी चाळीला परवडेल एवढीच. ताळेबंद जुळत नाही.

जुळत नाही तेव्हा तो जुळवून देणारे येतात. रोगी पुढे पाठवल्याबद्दल मिळणारं ‘कट’ हे मुंबईत गुपित राहिलेलं नाही. २०१७ मध्ये एका नामांकित हृदयरोग रुग्णालयाने आम्ही डॉक्टरांना कमिशन देत नाही असे फलकच शहरात लावले. डॉक्टरांच्या संघटनेने त्यावर आक्षेप घेतला, आणि त्याच वर्षी सरकारने कटविरोधी कायद्याचा मसुदा करायला समिती नेमली. मसुदा झाला, कायदा झाला नाही. कट घेणं हे पापच आहे, त्याला मखलाशी नको. पण चोरवाटेने येणारा पैसा बंद करायचा तर राजरस्त्याने किती येणार, हेही त्याच समितीला विचारायला हवं होतं.

जागेच्या प्रश्नाहून अवघड प्रश्न अभ्यासाचा आहे.

प्रत्येक माणूस काही ऋणं घेऊन जन्मतो, असं वैदिक वाङ्मय मानतं, आणि त्यातलं ऋषिऋण अभ्यास करून आणि शिकवून फेडायचं असतं. तैत्तिरीय उपनिषदात गुरुकुलातून निघालेल्या शिष्याला आचार्य जे बजावतात, त्यात स्वाध्यायात हयगय करू नकोस हे ठळकपणे आहे. शिक्षण संपलं त्या दिवशी ही आज्ञा द्यावी, यातच मर्म आहे. चरक याहून व्यवहारी. विमानस्थानात तो वैद्यांनी एकमेकांशी चर्चा कशी करावी याचे नियमच देतो: समविचारी माणसाशी कसं बोलावं, भांडखोराशी कसं, सभेत कसं. ज्ञान वाढवायचं तर जाणकारांत बसायला हवं, हे त्याचं म्हणणं. या हिशेबाने डॉक्टरांच्या ज्या निरंतर शिक्षणाला आज सीएमई म्हणतात, ती डॉक्टरची करिअरची पायरी नाही. ते थकलेलं कर्ज आहे.

हे कर्ज फेडलं नाही तर काय होतं, हे माहीम-धारावीच्या पट्ट्यात मोजलं गेलं आहे. १९९१ मध्ये मुकुंद उपळेकर आणि त्यांच्या सहकाऱ्याने मुंबईच्या झोपडपट्टीतल्या १०० खासगी डॉक्टरांना क्षयरोगाची औषधयोजना लिहायला सांगितली. ८० वेगवेगळ्या तऱ्हा निघाल्या. २०१० मध्ये हिंदुजा रुग्णालयाचे झरीर उदवाडिया आणि सहकारी यांनी पुन्हा तेच विचारलं. १०६ डॉक्टरांनी ६३ तऱ्हा लिहिल्या, त्यांतल्या फक्त ६ जणांच्या बरोबर होत्या. शिवडीचं क्षयरोग रुग्णालय हाकेच्या अंतरावर असलेल्या शहरातली ही गोष्ट. चुकीची मात्रा म्हणजे रोग्याच्या शरीरात औषधाला न जुमानणारा जंतू तयार करणं. या डॉक्टरांना दुष्ट म्हणता येत नाही. सकाळ-संध्याकाळ मिळून सत्तर-ऐंशी रोगी पाहणारा माणूस पुस्तक केव्हा उघडणार? एक दिवस दवाखाना बंद ठेवला तर त्या दिवसाची कमाई गेली आणि चार रोगी शेजारच्याकडे गेले.

आता नियम आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडची नोंदणी दर पाच वर्षांनी ताजी करताना ३० श्रेयांक दाखवावे लागतात. ते मिळतात कसे, हे एखाद्या शनिवारी संध्याकाळी दादर किंवा परळच्या हॉटेलच्या हॉलमध्ये दिसतं. दाराशी टेबल, त्यावर सहीचं रजिस्टर, एका कंपनीच्या नावाची पिशवी आणि पेन. व्यासपीठामागे त्याच कंपनीचा फलक. वक्ते मोठ्या रुग्णालयातले, विषय मधुमेहावरची नवी औषधं. व्याख्यान चांगलं असतं. वाईट असतं असं मुळीच नाही. शेवटच्या चार स्लाइडमध्ये एक रेणू जरा जास्त वेळा येतो. साडेनऊला जेवण. पहिल्या रांगेतल्या ज्येष्ठ डॉक्टरने ‘पण ही गोळी माझ्या पेशंटला परवडणार का हो?’ असं विचारलं, की हॉलमध्ये हसू पिकतं आणि प्रश्न तिथेच राहतो.

ऋषिऋण फेडायला निघालेल्या माणसाचं तिकीट व्यापाऱ्याने काढलेलं असतं. याला काय म्हणायचं? २००९ पासून डॉक्टरांना कंपन्यांकडून भेटी आणि प्रवास घ्यायला मनाई आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने अशा खैरातीवर कंपन्यांना करसवलत नाकारली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवी नियमावली काढून कंपन्यांच्या पैशावरच्या परिषदांनाच बंदी घातली आणि डॉक्टरांच्या संघटनांचा गदारोळ उठताच तीन आठवड्यांत ती नियमावली स्थगित केली. गदारोळ सगळा स्वार्थी नव्हता. संघटनांचा एक साधा सवाल होता: मग पैसे कोण देणार? आयोगाकडे उत्तर नव्हतं. अभ्यासाची सक्ती आहे, कंपनीच्या पैशाला बंदी हवी आहे आणि तिसरा पैसेवाला समोर येत नाही. धर्मशास्त्राच्या भाषेत, ऋण सांगितलं पण फेडीचं साधन ठेवलं नाही.

हाच तिढा सगळ्यात उघडा पडला तो करोनात. २०२० च्या मार्चअखेर केंद्राने आरोग्यसेवकांसाठी ५० लाखांचं विमाकवच जाहीर केलं. त्याच सुमारास नवी मुंबई महापालिकेने तिथल्या एका डॉक्टरला दवाखाना उघडा ठेवा, नाहीतर कारवाई करू, अशी नोटीस दिली. त्यांनी उघडा ठेवला. जूनमध्ये ते करोनाने गेले. पत्नीने विमा मागितला. उत्तर मिळालं, ते खासगी डॉक्टर होते, त्यांची सेवा सरकारने अधिग्रहित केली नव्हती. २०२१ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तेच म्हटलं. दवाखाना उघडा ठेवायला सांगताना तो समाजाचा होता. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा तो त्यांचा स्वतःचा झाला. अखेर ११ डिसेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने मानलं की त्या काळातले कायदे आणि आदेश पाहता डॉक्टरांच्या सेवा घेतल्याच गेल्या होत्या. प्रत्येक दाव्याचा निकाल पुराव्यावर लागेल. साडेपाच वर्षांनी का होईना, पेला त्यांच्या नावाने निघाला. यज्ञाचं डोकं जोडून झाल्यावर.

मग करायचं काय? सरकारने सगळं घ्यावं, हे एक उत्तर. मुंबई महापालिकेने २०२२ च्या नोव्हेंबरापासून ‘आपला दवाखाना’ सुरू केला, तिथे तपासणी आणि १४७ चाचण्या मोफत आहेत, आणि त्याचा उपयोग होतो. पण बदलत्या कंत्राटी डॉक्टरला तीन पिढ्यांचा ताप ठाऊक नसतो. सगळं बाजारावर सोडावं हे दुसरं उत्तर. त्याची फळं कटाच्या रूपाने चाखून झाली. या लेखाचा कौल तिसऱ्या, जुन्या उत्तराकडे आहे: वर्गणी. आजार येण्याआधी, प्रत्येकाने आपल्या ऐपतीने, उपकार न करता आणि न घेता दिलेला वाटा. क्षयरोगात सरकारने हे थोडं करून पाहिलं आहे. खासगी डॉक्टरने रोगी कळवला की ५०० रुपये आणि उपचार पूर्ण झाल्याची नोंद दिली की आणखी ५००. रक्कम किरकोळ, पण त्यात डॉक्टरला भिकारीही केलेलं नाही आणि देवही.

वर्गणी कशी गोळा करायची, हे या वस्तीला शिकवायची गरज नाही. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून गणपती बसतो. लालबागचा राजा १९३४ पासून. पावतीपुस्तक घेऊन मजले चढणाऱ्या पोरांना कोणी दाता म्हणत नाही आणि याचकही म्हणत नाही. याच मंडळांनी पुढे सेवेची कामं उभी केली: लालबागच्या मंडळाचं अल्पदरातलं डायलिसिस केंद्र आहे, प्रभादेवीचा सिद्धिविनायक न्यास गरजू रोग्यांना उपचारासाठी मदत देतो, परळची नाना पालकर स्मृती समिती १९६८ पासून बाहेरगावच्या रुग्णांची राहण्याची सोय करते. सगळं मोलाचं. पण हा पैसा मूत्रपिंड निकामी झाल्यावर पोचतो. रक्तदाब दहा वर्षं आधी नीट सांभाळला असता तर डायलिसिसची खुर्ची लागली नसती, आणि तो सांभाळण्याची जागा गल्लीतला दवाखाना आहे.

यावर खासगी डॉक्टरच्या धंद्याला सार्वजनिक पैसा का द्यायचा, असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. म्हणून पैसा डॉक्टरच्या खिशात नव्हे, त्याच्या अभ्यासात घालावा. महिन्यातून एकदा मंडळाच्या सभागृहात, कंपनीच्या फलकाशिवाय, परिसरातल्या सगळ्या डॉक्टरांसाठी केसचर्चा व्हावी. केईएम किंवा शिवडीच्या शिक्षकाला मानधन मंडळाने द्यावं. त्यात एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस असा भेद न करता आपापल्या कायदेशीर कक्षेत काय सांभाळायचं आणि काय लगेच पुढे पाठवायचं, हे शिकवावं. ईसीजीचं एक यंत्र चार दवाखान्यांत फिरतं ठेवावं, त्याच्या तपासण्या वस्तीला मोफत. हिशेब गणपतीच्या हिशेबासारखा फलकावर लावावा. मोठ्या मंडळाच्या विसर्जनाच्या खर्चापुढे ही रक्कम दिसणारही नाही.

कायद्याचीही आडकाठी नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या ९ व्या कलमात शिक्षण आणि वैद्यकीय मदत, दोन्ही धर्मादाय हेतू म्हणून धरलेले आहेत. नोंदलेल्या मंडळाच्या उद्देशांत ते नसतील, तर ठराव करून वरळीच्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज देता येतो. गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या मंडळांची भाद्रपदाआधी वार्षिक सभा भरते, तेव्हा कोणी तरी सभासदाने हा विषय पत्रिकेवर घ्यावा, आणि सभेला आपल्या फॅमिली डॉक्टरांनाही बोलवावं, सत्काराची शाल न घेता.